थकलेला स्नायू आणि त्याला मिळणारे संदेश

पाण्याने भरलेली बादली हातात धरून कोणी उभा राहिला, तर पहिला काही वेळ त्याला तिचे ओझे फारसे जाणवत नाही. थोड्याच वेळात बोटे दुखू लागतात, दंड भरून येतो, हाताला कंप सुटतो आणि अखेरीस, मनात कितीही जिद्द असली तरी, बादली खाली ठेवावी लागते. या अवधीत बादलीतील पाणी वाढलेले नसते आणि हातातील स्नायूही तेच असतात. काही मिनिटे विसावा घेतला, की तोच माणूस तीच बादली पुन्हा उचलू शकतो. मग मधल्या काळात नेमके काय घडले?

थकवा हा सर्वांच्या इतक्या परिचयाचा आहे, की त्याचे कारण शोधण्याची गरजच बहुधा कोणाला वाटत नाही. परंतु शरीरक्रियाविज्ञानाच्या दृष्टीने हा प्रश्न मुळीच सोपा नाही. स्नायू स्वतःहून काम करीत नाही. मेंदूकडून आणि मज्जारज्जूकडून येणाऱ्या आज्ञेनुसार तो आकुंचन पावतो. तेव्हा ताकद कमी झाली, याचा अर्थ आज्ञा पाळणारा स्नायू दुबळा झाला, की आज्ञा देणारी मज्जासंस्था ढिली पडली? या प्रश्नाचे उत्तर केवळ प्रयोगशाळेपुरते महत्त्वाचे नाही. थकलेल्या माणसाला आपण आळशी म्हणावे की खरोखर असमर्थ म्हणावे, हेही पुष्कळ अंशी त्यावरच अवलंबून आहे.

मोस्सो यांचे श्रमलेखक यंत्र

इटलीतील तुरिन येथे शरीरक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक असलेले आन्जेलो मोस्सो (१८४६–१९१०) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला पहिल्यांदा पद्धतशीरपणे हात घातला. त्यांनी ‘एर्गोग्राफ’, म्हणजे श्रमलेखक, या नावाचे एक यंत्र तयार केले. या यंत्रात प्रयोगाला बसलेल्या माणसाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत पक्का जखडून ठेवीत आणि फक्त मधले बोट मोकळे सोडीत. त्या बोटात अडकवलेली दोरी एका कप्पीवरून जाई व तिच्या टोकाला काही किलोग्रॅमचे वजन टांगलेले असे. ठरावीक तालावर बोट वाकवून ते वजन पुनःपुन्हा उचलावयाचे. प्रत्येक वेळी वजन किती उंच गेले त्याची रेघ फिरत्या कागदावर आपोआप उमटत असे. आरंभीच्या रेघा उंच, मग हळूहळू आखूड आणि शेवटी शून्य, असा थकव्याचा आलेख मोस्सो यांना मिळाला.

या आलेखांवरून काही गोष्टी स्पष्ट झाल्या. प्रत्येक माणसाच्या थकण्याची रीत वेगळी असते. एखाद्याची ताकद सावकाश उतरत जाते, तर दुसरा बराच वेळ टिकाव धरून एकाएकी ढासळतो. दुसरे असे की, केवळ इच्छेनेच नव्हे, तर विजेच्या प्रवाहाने स्नायूला आकुंचन पावण्यास भाग पाडले तरीही तो थकतो. म्हणजे थकव्याचा काही भाग निश्चितच स्नायूत वसत असला पाहिजे. परंतु मोस्सो यांनी आपले सहकारी मॅज्योरा यांच्यावर आणखी एक निरीक्षण केले. दिवसभर विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आल्यावर मॅज्योरा यांच्या बोटाचा आलेख नेहमीपेक्षा फारच आखूड येत असे. बोटाने तर दिवसभर काहीच श्रम केलेले नव्हते! १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ला फातिका’, म्हणजे ‘थकवा’, या ग्रंथात मोस्सो यांनी स्नायूची ताकद घटणे आणि थकल्याची जाणीव होणे या दोन बाबी वेगळ्या करून मांडल्या. पुढील शंभर वर्षांतील संशोधन या दोन टोकांमध्येच झोके घेत राहिले.

आज्ञेचा प्रवास

थकव्यात काय बदलते हे समजण्यासाठी ताज्या स्नायूपर्यंत आज्ञा कशी पोहोचते हे आधी पाहिले पाहिजे. हालचालीची इच्छा होताच मेंदूच्या बाह्यकातील पेशींकडून संदेश निघतात आणि मज्जारज्जूत उतरतात. तेथे असलेल्या प्रेरक मज्जापेशी हे संदेश आपल्या लांब तंतूंवाटे स्नायूंपर्यंत नेतात. प्रत्येक प्रेरक मज्जापेशीच्या तंतूला स्नायूत शिरल्यावर अनेक फाटे फुटतात आणि एकेका फाट्याला एकेक स्नायुतंतू जोडलेला असतो. डोळा फिरविणाऱ्या नाजूक स्नायूंत एका मज्जापेशीच्या वाट्याला जेमतेम दहा-पंधरा स्नायुतंतू येतात, तर पोटरीच्या स्नायूत ही संख्या हजाराच्याही वर जाते. एक मज्जापेशी आणि तिच्या हुकमतीखालील सर्व स्नायुतंतू मिळून होणाऱ्या गटाला ‘प्रेरक एकक’ असे नाव आहे. हे नाव ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांच्या प्रयोगशाळेतून १९२५ साली पुढे आले.

मज्जातंतूतून जाणारा संदेश हा विजेचा एक क्षणिक आवेग असतो. माणसाच्या हातापायांत तो सेकंदाला सुमारे ५० ते ६० मीटर वेगाने धावतो. विशेष म्हणजे हे आवेग लहानमोठे नसतात. एका तंतूतील सर्व आवेग सारख्याच आकाराचे असतात. मग जोर कमी-अधिक करण्याची सोय कशी होते? त्यासाठी मज्जासंस्थेजवळ दोन उपाय आहेत. एक म्हणजे कामाला लावलेल्या एककांची संख्या वाढविणे आणि दुसरा म्हणजे प्रत्येक एककाला दर सेकंदाला पाठविल्या जाणाऱ्या आवेगांची संख्या वाढविणे. एडगर एड्रियन आणि डेटलेव्ह ब्राँक यांनी १९२९ साली एक बारीक सुई स्नायूत खुपसून एकेकट्या एककाचे हे आवेग टिपले व ध्वनिक्षेपकातून ‘ऐकले’. जोर वाढविला की टकटक आवाजांची गती वाढते, हे त्यांना ऐकू आले. एककांना कामावर बोलाविण्याचा क्रमही ठरलेला असतो, असे अमेरिकन शास्त्रज्ञ एलवुड हेन्नमन यांनी १९५७ साली दाखवून दिले. प्रथम लहान मज्जापेशींची पाळी येते; त्यांचे स्नायुतंतू जोर थोडा लावतात, पण सहसा थकत नाहीत. मोठ्या मज्जापेशी शेवटी पुढे येतात. त्यांचे तंतू जोरकस, परंतु लवकर थकणारे असतात.

मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यापाशी विजेचा आवेग थांबतो आणि तेथून ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन पाझरते. ते स्नायुतंतूच्या पृष्ठभागावर पोहोचताच तेथे विजेची नवी लहर उठते. ही लहर सेकंदाला सुमारे ४ मीटर वेगाने तंतूच्या दोन्ही टोकांकडे पसरते आणि सूक्ष्म नळ्यांवाटे त्याच्या अंतर्भागातही शिरते. तेथे कोठारात साठवून ठेवलेले कॅल्शियम तिच्यामुळे मोकळे होते. कॅल्शियम मिळताच ॲक्टिन आणि मायोसिन या दोन प्रथिनांचे सूक्ष्म धागे एकमेकांवरून सरकू लागतात आणि स्नायू आखडतो. नंतर कॅल्शियम पुन्हा कोठारात ओढून घेतले जाते व स्नायू सैल पडतो. एका आवेगाने केवळ एक झटका मिळतो. आवेग पुरेसे लवकर लवकर आले तर पहिला झटका ओसरण्यापूर्वीच दुसरा येऊन मिळतो आणि सर्व झटके मिळून एकसंध ताण निर्माण होतो. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट वाचकाने विशेष लक्षात ठेवावी.

इंधन आणि अवशेष

स्नायूत आम्ल साठते म्हणून तो थकतो, ही समजूत फार जुनी आहे. आंबलेल्या दुधात सापडणारे लॅक्टिक आम्ल शिकारीत धावून दमलेल्या हरणांच्या मांसातही असते, असे स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस यांना एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच आढळले होते. १९०७ साली केंब्रिज येथे फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर काटेकोर प्रयोग केले. स्नायूला प्राणवायूवाचून राबविले की त्यात लॅक्टिक आम्ल साठते आणि प्राणवायू मिळताच ते नाहीसे होते, असे त्यांनी सिद्ध केले. साहजिकच हे आम्लच स्नायूच्या शक्तीचे मूळ आणि थकव्याचेही कारण असावे, असे पुष्कळांना वाटू लागले.

या समजुतीला पहिला तडा जाण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा होता. आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी मद्रास येथे वैद्यकाचे शिक्षण घेतले व पुढे ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. तेथे सायरस फिस्के यांच्यासमवेत काम करीत असताना १९२७ साली त्यांना स्नायूत क्रिएटिन फॉस्फेट हे संयुग सापडले. स्नायू काम करू लागला की हे संयुग कमी होते आणि विश्रांतीत पुन्हा भरून येते. १९२९ साली याच जोडीने, आणि त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोमान यांनी, ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी, हे संयुग स्नायूतून वेगळे काढले. लगेच पुढच्या वर्षी डेन्मार्कमधील आयनार लुंड्सगोर यांनी असे दाखविले की, विशिष्ट विष देऊन लॅक्टिक आम्लाची निर्मिती पूर्णपणे थांबविली तरीही स्नायू काही काळ आकुंचन पावू शकतो. म्हणजे लॅक्टिक आम्ल हे आकुंचनाच्या शक्तीचे मूळ नव्हे. ती शक्ती एटीपीच्या विघटनातून मिळते आणि क्रिएटिन फॉस्फेट हा एटीपीची तातडीने भरपाई करणारा साठा होय.

पूर्ण जोर लावला असता स्नायूतील एटीपी दोन-चार सेकंदांतच संपून जाईल आणि क्रिएटिन फॉस्फेटचा साठाही दहा-एक सेकंदांत बराचसा खर्ची पडेल. त्यानंतर ग्लायकोजेन या स्नायूतील शर्करेच्या साठ्यावर आणि रक्तातून येणाऱ्या प्राणवायूवर भिस्त ठेवावी लागते. परंतु थकलेल्या स्नायूतील एटीपी संपलेले असते, अशी कल्पना मात्र कोणी करून घेऊ नये. एटीपी खरोखरच संपले तर स्नायू सैल पडण्याऐवजी लाकडासारखा ताठ होतो. मृत शरीराला येणारा ताठरपणा याच कारणाने येतो. जिवंत स्नायू ही पाळी येण्याच्या कितीतरी आधी आपले काम आवरते घेतो.

तो हे कसे करतो, याचा उलगडा विसाव्या शतकाच्या अखेरीस एकेकट्या स्नायुतंतूंवर केलेल्या प्रयोगांतून झाला. क्रिएटिन फॉस्फेट फुटले की मोकळे फॉस्फेट साठू लागते. त्यामुळे ॲक्टिन-मायोसिनची पकड कमजोर होते आणि कोठारातून बाहेर येणारे कॅल्शियमही घटते. शिवाय उरल्यासुरल्या कॅल्शियमला धाग्यांकडून मिळणारा प्रतिसादही मंदावतो. लॅक्टिक आम्लाबरोबर येणाऱ्या आम्लतेचा दोष मात्र पूर्वी मानला जाई त्यापेक्षा पुष्कळच कमी निघाला. जुने प्रयोग थंड केलेल्या स्नायूंवर झाले होते; शरीराच्या नेहमीच्या तापमानाजवळ तेच प्रयोग केल्यावर आम्लतेमुळे ताकद फारच थोडी घटते, असे १९९७ साली स्वीडनमधील संशोधकांना आढळले. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखते तेही साठलेल्या लॅक्टिक आम्लामुळे नव्हे. ते आम्ल तासाभरातच बहुतांशी निघून गेलेले असते. ते दुखणे, विशेषतः डोंगर उतरताना होते त्याप्रमाणे, ताणल्या जात असताना राबविलेल्या तंतूंना झालेल्या सूक्ष्म इजांमुळे असते.

दोष स्नायूचा की आज्ञेचा?

१९५४ साली लंडन येथे पी. ए. मर्टन यांनी एक सोपा पण मार्मिक प्रयोग केला. त्यांनी हाताचा अंगठा आत ओढणारा स्नायू निवडला. माणसाने अंगठा सर्व शक्तीनिशी ओढून धरावयाचा आणि मध्येच त्या स्नायूच्या मज्जातंतूला मनगटापाशी विजेचा एक धक्का द्यावयाचा. इच्छाशक्ती स्नायूकडून पूर्ण काम करवून घेत नसेल, तर धक्क्यामुळे ताकद क्षणभर वाढली पाहिजे. ताज्या स्नायूत ती वाढली नाही. म्हणजे माणूस स्वेच्छेने खरोखरच पूर्ण जोर लावू शकतो. पुढे स्नायू थकून ताकद पार उतरली, तेव्हाही विजेचा धक्का तिच्यात भर घालू शकला नाही. एवढेच नव्हे, तर स्नायूत उठणारी विजेची लहर मात्र जवळजवळ पूर्वीइतकीच मोठी होती. संदेश पोहोचत होता; स्नायूच त्याला उत्तर देऊ शकत नव्हता. दंडाला पट्टा आवळून रक्तपुरवठा थांबविला असता ताकद परत येत नसे व पट्टा सोडताच ती परतू लागे. यावरून थकवा हा स्नायूतच असतो, असा निष्कर्ष मर्टन यांनी काढला.

मंदावणारे आवेग

एवढ्यावर वाद मिटला असता. परंतु स्नायूत बारीक सुया घालून आवेग मोजणाऱ्यांना निराळेच दृश्य दिसत होते. माणूस पूर्ण जोर लावीत राहिला तरी त्याच्या प्रेरक मज्जापेशींकडून येणाऱ्या आवेगांची गती कायम राहत नाही. अमेरिकेत ब्रेंडा बिगलंड-रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत आरंभी ही गती सेकंदाला सरासरी ३०च्या आसपास होती. मिनिटभराच्या अखेरीस ती जवळजवळ निम्म्यावर आली. म्हणजे आज्ञाही ढिली पडतच होती. मग मर्टन यांच्या प्रयोगात विजेच्या धक्क्याने ताकद का वाढली नाही?

या कोड्याची किल्ली स्नायूच्या सैल पडण्यात होती. थकलेला स्नायू केवळ दुबळा होत नाही, तर मंदही होतो. कॅल्शियम परत कोठारात ओढून घेण्यास त्याला अधिक वेळ लागतो, त्यामुळे प्रत्येक झटका लांबतो. झटके लांबले म्हणजे ते एकमेकांत मिसळण्यासाठी पूर्वीइतके जलद आवेग लागत नाहीत. ताज्या स्नायूला ज्या एकसंध ताणासाठी सेकंदाला ३० आवेग हवे असतात, त्यासाठी थकलेल्या स्नायूला त्याहून पुष्कळ कमी आवेग पुरतात. किंबहुना अधिक आवेग पाठविणे अपायकारकच ठरते. प्रत्येक आवेगाबरोबर थोडे सोडियम स्नायुतंतूत शिरते आणि थोडे पोटॅशियम बाहेर पडते. आवेगांचा मारा चालूच राहिला तर हे पोटॅशियम तंतूंभोवती व त्यांच्या सूक्ष्म नळ्यांत साठते आणि विजेची लहरच क्षीण होऊ लागते. विजेच्या उपकरणाने स्नायूला सतत जलद आवेग दिले असता त्याची ताकद झपाट्याने कोसळते. आवेगांची गती उतरविताच ती काही प्रमाणात परत येते, असे प्रत्यक्ष प्रयोगांत दिसून आले आहे.

तात्पर्य, मज्जासंस्था आपल्या आवेगांची गती थकलेल्या स्नायूच्या ऐपतीशी जुळवून घेते. मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली या जुळणीला ‘स्नायूचे शहाणपण’ असे नाव दिले. पुढील संशोधनात ही जुळणी सर्वच स्नायूंत किंवा सर्वच प्रकारच्या श्रमांत तंतोतंत सापडली नाही. तथापि आवेगांचे मंदावणे म्हणजे निव्वळ बिघाड नव्हे, हा मूळ विचार टिकून राहिला.

बादली धरलेल्या हाताचे चित्र याहून थोडे वेगळे असते. तेथे पूर्ण जोर नव्हे, तर ठरावीक जोर टिकवावयाचा असतो. आधी कामाला लागलेले तंतू दुबळे होऊ लागताच मज्जारज्जू नवनवी, अधिक मोठी एकके कामावर बोलावितो. त्वचेवर चकत्या चिकटवून घेतलेल्या स्नायूच्या विद्युत् आलेखात हे स्पष्ट दिसते. ओझे तेवढेच असूनही आलेखातील लाटांची उंची वाढत जाते. त्याच वेळी त्या लाटा रुंद व संथ होतात, कारण तंतूंवरील लहरींचा वेग घटलेला असतो. लाटांचे हे मंदावणे जर्मन शास्त्रज्ञ हान्स पीपर यांनी १९१२ सालीच नोंदविले होते. मोठ्या एककांचे जोरकस झटके परस्परांत नीट मिसळत नाहीत, म्हणून हाताला कंप सुटतो. राखीव एकके संपली की बादली खाली येते.

स्नायूकडून परतणारे संदेश

स्नायूची अवस्था मज्जासंस्थेला कळते कशी? मज्जातंतूंत केवळ आज्ञा नेणारेच तंतू नसतात. स्नायूकडून वार्ता आणणारेही असतात. त्यांपैकी काही अतिशय बारीक तंतूंची टोके स्नायूतील रसायनांनी व ताणाने उद्दीपित होतात. श्रमाचे अवशेष साठू लागताच हे तंतू मज्जारज्जूला व मेंदूला खबर देतात. दंड भरून आल्याची जाणीवही मुख्यत्वे यांच्याच द्वारा होते. बिगलंड-रिची यांच्या गटाने १९८६ साली असे दाखविले की, थकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा पट्ट्याने बंद ठेवला तर विश्रांती मिळूनही आवेगांची गती उतरलेलीच राहते. रक्त वाहू लागल्यावर तीन मिनिटांत ती पूर्ववत होते.

मेंदूचा वाटाही पुढे मोजता आला. ऑस्ट्रेलियातील सायमन गँडेव्हिया व त्यांचे सहकारी यांनी १९९६ साली कवटीवर धरलेल्या चुंबकीय वेटोळ्याने मेंदूच्या बाह्यकाला क्षणिक धक्का देऊन पाहिले. कोपर वाकवून पूर्ण जोर लावीत राहिलेल्या माणसांत, थकवा वाढत गेला तसतशी या धक्क्याने मिळणारी जादा ताकदही वाढत गेली. म्हणजे मनापासून प्रयत्न करीत असतानाही थकलेला मेंदू स्नायूकडून शक्य तेवढे सर्व काम करवून घेत नव्हता. मर्टन आणि मोस्सो या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. थकव्याचा मोठा हिस्सा स्नायूत असतो. परंतु एक हिस्सा निश्चितपणे त्याच्या वरच्या पातळीवर असतो.

हा वरच्या पातळीवरील हिस्सा कशासाठी असतो, याचे उत्तर अमेरिकेत विस्कॉन्सिन येथे झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगाने दिले. मार्कुस अमान व सहकाऱ्यांनी काही तरबेज सायकलपटूंच्या पाठीच्या कण्यात फेंटानिल या वेदनाशामकाची सुई देऊन पायांकडून येणाऱ्या वार्ता अडविल्या. पायांकडे जाणाऱ्या आज्ञा मात्र अबाधित ठेवल्या. मग त्यांना स्थिर सायकलीवर ५ किलोमीटरचे अंतर शक्य तितक्या लवकर तोडावयास सांगितले. पायांची तक्रारच ऐकू येत नसल्याने त्यांनी आरंभी नेहमीहून अधिक जोर लावला. परंतु तो त्यांना टिकविता आला नाही आणि एकूण वेळेत काहीच लाभ झाला नाही. उलट अखेरीस त्यांच्या मांड्यांचे स्नायू नेहमीपेक्षा कितीतरी अधिक थकले आणि सायकलीवरून उतरून चालणेही त्यांना कठीण झाले. थकव्याची जाणीव ही शरीराने लावलेली लगाम असून ती काढून टाकली तर घोडा पुढे जात नाही, केवळ लवकर कोसळतो.

थकवा हाच रोग

मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर निरोगी माणसात सहसा काही अडत नाही. तेथे गरजेपेक्षा पुष्कळ अधिक ॲसिटिलकोलीन पाझरते व ही जादा रक्कम थकव्यातही पुरून उरते. परंतु ‘मायस्थेनिया ग्रॅव्हिस’ या रोगात नेमका हाच सांधा दुबळा होतो. सकाळी बरा दिसणारा रोगी संध्याकाळी पापण्या उचलू शकत नाही. जेवताना काही घासांनंतर त्याला चावता येत नाही. बोलता बोलता आवाज खोल जातो. थोड्या विश्रांतीने सारे परत येते, म्हणून अशा रोग्याकडे ‘ढोंगी’ म्हणून पाहिले जाण्याचा धोका असतो. १९३४ साली ग्रिनिच येथील सेंट अल्फिज रुग्णालयातील डॉक्टर मेरी वॉकर यांनी या रोगाचे क्युरारी या विषाच्या बाधेशी असलेले साम्य हेरले आणि त्या विषावरील उतारा, फायसोस्टिग्मीन, आपल्या रोगी स्त्रीला टोचला. काही काळ तिची ताकद परत आली. शरीराचीच प्रतिकारयंत्रणा ॲसिटिलकोलीन ग्रहण करणाऱ्या प्रथिनांवर हल्ला करते, हे या रोगाचे मूळ १९७० नंतरच्या दशकात कळले आणि उपचारांचा मार्ग अधिक मोकळा झाला. आजही मज्जातंतूला सेकंदाला दोन-तीन धक्के देऊन स्नायूच्या लाटा उतरत जातात का, हे पाहण्याची रीत निदानासाठी वापरतात.

विश्रांतीचा अर्थ

सगळा थकवा एकाच वेगाने भरून निघत नाही. रक्त खेळू लागताच पोटॅशियम काही मिनिटांत ठिकाणावर येते, क्रिएटिन फॉस्फेटही त्याच सुमारास पुन्हा साठते. ग्लायकोजेन भरून येण्यास मात्र पोटभर अन्न आणि एक-दोन दिवस लागतात. याहून फसवा असा आणखी एक थकवा असतो. १९७७ साली एडवर्ड्स, हिल, जोन्स व मर्टन यांनी दाखविले की, कठोर श्रमानंतर स्नायूची कमाल ताकद काही वेळात परत आली तरी मंद आवेगांना मिळणारा त्याचा प्रतिसाद दिवसभर, कधी त्याहूनही अधिक काळ, कमीच राहतो. रोजची चालण्या-उठण्याची कामे मंद आवेगांनीच होत असल्याने दुसऱ्या दिवशी साधा जिना उतरतानाही पाय लटपटतात. अशा स्नायूकडून तेच काम घेण्यासाठी अधिक एकके राबवावी लागतात आणि म्हणूनच कालच्याच ओझ्याला आज अधिक कष्ट पडतात. चोवीस तासांच्या आत पुन्हा तेच ओझे उचलणाऱ्याच्या बाबतीत ही बाकी रोज पुढे ओढली जाते.

मोस्सो यांना या सूक्ष्म यंत्रणेची कल्पना नव्हती. पण तिचा परिणाम त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला होता. सिसिलीतील गंधकाच्या खाणींत त्या काळी कोवळी मुले पाठीवर दगडांची ओझी घेऊन उभे चढ चढत. खुरटलेली, वाकलेली अशी ती पोरे तारुण्यात येईपर्यंत सैन्यात भरती होण्यासही लायक राहत नसत. थकव्यावरील आपल्या ग्रंथात, बोटाच्या आलेखांच्या शेजारीच, मोस्सो यांनी या मुलांची हकीकत दिली आहे. प्रयोगशाळेतील बोटाला थांबता येते. ओझे वाहणाऱ्या मुलाला थांबता येत नव्हते, एवढाच काय तो दोहोंतील फरक होता.

थकलेल्या माणसाच्या स्नायूतील कॅल्शियम घटलेले असते, झटके लांबलेले असतात, आवेग मंदावलेले असतात आणि त्याचा मेंदू त्याला थांबण्याची सूचना देत असतो. यांतील कोणतीही गोष्ट इच्छाशक्तीच्या अभावाने घडत नाही. स्नायू आणि मज्जासंस्था मिळून, मोडतोड होण्यापूर्वी काम आवरते घेण्याची ही व्यवस्था करीत असतात. हमालाने ओझे उतरवून टेकणे, कापणी करणाऱ्या स्त्रीने कंबर सरळ करण्यासाठी क्षणभर उभे राहणे, यांत वाया गेलेला वेळ शोधणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की, त्या क्षणी स्नायूतील काम थांबलेले नसते. पुढच्या ओझ्याची तयारी त्याच वेळी चाललेली असते.